न दुखणारी गांठ

दुखेल तें दाखवावें आणि न दुखेल तें झांकून ठेवावें, असा संसारी स्त्रियांचा जुना नियम दिसतो. स्तनाच्या कर्करोगास हाच नियम सोयीचा पडतो. कारण त्याची पहिली गांठ बहुधा दुखतच नाहीं.

पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशांत कुमासी हें अशांती लोकांचें जुनें राजधानीचें शहर आहे. तेथील हकीकत वाचतांना आम्हांस हें प्रकर्षानें जाणवलें. तेथें या रोगाचें निदान होणाऱ्या स्त्रियांचें सरासरी वय पन्नाशीच्या आसपास असतें. अमेरिकेंत तें साठीच्या पुढें जातें. याचें एक कारण साधें आहे : त्या देशांत वृद्धांपेक्षां तरुणांचीच संख्या फार मोठी. दुसरें असें कीं, संप्रेरकरोधक गोळ्या ज्यावर चालत नाहींत तो ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकार तेथें अधिक आढळतो, आणि तो तरुण वयांत जास्त होतो.

परंतु खरा घात वेळेचा आहे. बहुसंख्य स्त्रिया तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेंत येतात. स्तन जाईल, नवरा टाकील, ही करणीच असेल, अशा भयांत आणि झाडपाला व प्रार्थना यांत महिने निघून जातात. मात्र सारा दोष स्त्रियांच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. एका दवाखान्यांतून दुसऱ्यांत धाडणें, तुकड्याच्या तपासणीची वाट पाहणें आणि खर्च, यांतही काळ जातो. कुमासीच्या डॉ. बीएट्रिस वियाफे अदाई यांनीं २००२ सालीं संस्था स्थापून गांवोगांव तपासणी व लोकशिक्षण चालविलें, तें याचसाठीं.

हें दूर देशचें म्हणून सोडून देतां येत नाहीं. आमच्याच एका सुशिक्षित काकूंनीं आठ महिने गांठ पदराआड ठेविली. “हें सांगायचें तरी कोणास?” एवढाच त्यांचा प्रश्न होता. डॉक्टरांकडे नेलें तेव्हां रोग काखेंत उतरला होता. दोन वर्षांत त्या गेल्या.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानें १९९८ सालीं सुमारें दीड लाख स्त्रियांत एक दीर्घ प्रयोग आरंभिला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनीं हातानें तपासणी करीत. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, तपासलेल्यांत रोग लवकरच्या अवस्थेंत सांपडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांतील मृत्यु सुमारें तीस टक्क्यांनीं घटले. पन्नाशीच्या आंत मात्र तसा लाभ दिसला नाहीं. म्हणून तरुण स्त्रीनें ‘माझें वय नव्हे’ असें न म्हणतां, गांठ हातास लागतांच डॉक्टरांस दाखविली पाहिजे.

ज्या घरांत सून सासूस आणि सासू सुनेस हें निःसंकोच सांगूं शकते, तें घर अर्धी लढाई आधींच जिंकलें, असें आम्हांस वाटतें. लाज राखण्यासारखी गोष्ट खरीच. पण ती प्राणाहून मोठी नव्हे.