सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे निकाल नव्हे

२७ जुलै २०१९ रोजी चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींतून बाहेर काढावे लागले. गाडीची बातमी लवकर जुनी झाली. अशा पुरात भिजलेल्या मालाचे विम्याचे दावे मात्र वर्षानुवर्षं रेंगाळतात. विमेदारांचा वकील म्हणून याविषयी लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा एकच गैरसमज डोळ्यांपुढे आला: नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरने आकडा लिहिला की प्रकरण संपलं. सुशिक्षित माणसंही हे धरून चालतात, याचा मनस्वी त्रास होतो. विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४ यूएमनुसार ठरावीक रकमेपुढच्या दाव्याला परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल लागतो. पण त्याहून वेगळी रक्कम द्यायची मुभा तेच कलम कंपनीला देतं. अहवालाला वजन आहे, तरी तो शेवटचा शब्द नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही २००९ मध्ये स्पष्ट केलं.

यावर म्हणतात, सर्व्हेअर जाणकार असतो आणि खोटे दावेही होतात. दोन्ही खरं आहे. म्हणूनच त्याने आकडा कशावरून काढला, हे तपासायला हवं. दुकानदार भांडतो तो नुकसानीच्या आकड्यावर. घात होतो अॅव्हरेज क्लॉजमध्ये, म्हणजे मालाच्या किमतीहून विमा कमी असेल तर त्याच प्रमाणात भरपाई कापणाऱ्या अटीत. समजा, विमा १० लाखांचा आणि नुकसान ६ लाखांचं. पुराच्या दिवशी दुकानात एकूण माल २० लाखांचा होता असं ठरलं, तर हाती ३ लाख येतात. तोच १२ लाखांचा ठरला तर ५ लाख. नुकसान तेवढंच, पैसे निराळे. अर्धाच विमा उतरवला तर अर्धीच भरपाई, हा नियम मला न्याय्य वाटतो. पण ते २० लाख आले कुठून? बरेचदा बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमधून. कॅश क्रेडिटची मर्यादा टिकवायला तिथे माल फुगवून दाखवलेला असतो, आणि मग आपलाच कागद आपल्यावर उलटतो. अशा वेळी खरेदीची बिलं, जीएसटी विवरणपत्रं आणि स्टॉक रजिस्टर यांचा मेळ घालूनच त्या दिवशीचा माल सिद्ध करावा लागतो. नुसत्या तक्रारीने आकडा हलत नाही.

१ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत घरांसाठी अॅव्हरेज क्लॉजची ही कपात काढून टाकली आणि छोट्या उद्योगांच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा कमी विमा माफ झाला. हा मोठा दिलासा आहे. त्यापुढची तफावत असलेल्या दुकानदाराला मात्र आजही ६४ यूएमचा अहवाल मागून घ्यावा लागतो आणि डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे दावा मिटल्याच्या पावतीवर, सही करण्यापूर्वी हरकत लेखी द्यावी लागते. सही झाल्यावरही ती दबावाखाली वा फसवणुकीने घेतली असं दाखवता आलं तर दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच मान्य केलं आहे. पण तो दबाव सिद्ध करण्याचा भार विमेदारावर पडतो, आणि ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत तोवर चालूच असते.