रुसलेली जीप

डोंगराळ मुलखात ज्यांनी नोकरी केली, त्यांना जुन्या जीपगाडीची ओळख करून देण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकेत या गाड्या मोठ्या संख्येने तयार होऊ लागल्या. चिखल असो वा वाळू, सैनिकांना घेऊन पुढे जाणे हेच तिचे काम. चारही चाकांना यंत्राचे बळ मिळत असल्यामुळे मागची चाके रुतली, तरी पुढची चाके तिला ओढून काढीत. युद्ध संपले आणि त्यानंतर मुंबईत सुटे भाग जोडून जीपगाड्या तयार होऊ लागल्या. पुढे ती सरकारी खात्यांत आली, शेतांच्या बांधांवरही दिसू लागली. तिला ना धड दारे, ना मऊ बैठक. पण जेथे बैलगाडीही कुरकुर करी, तेथे ती खडखडत का होईना, जाऊन पोहोचे.

अशी ही कष्टाळू गाडीही कधी कधी अडून बसे. मग लोक म्हणत, "जीप रुसली!" तिचा असाच एक रुसवा मी जवळून पाहिला आहे.

१९९६ सालचा एप्रिल महिना होता. मी तेव्हा शहादा तालुक्यात शिक्षक होतो. सातपुड्यात तोरणमाळला बालकांना लस देण्याचे शिबिर होते, आणि मदतीसाठी आम्ही दोन शिक्षक एका जुन्या, पेट्रोलवर चालणाऱ्या जीपमधून निघालो होतो. सोबत परिचारिकाबाई होत्या व त्यांच्या मांडीवर लशीची पेटी होती. पोलिओची लस उष्णतेला फार नाजूक. म्हणून पेटीत चारी बाजूंना बर्फाच्या डब्या लावून मधोमध कुप्या ठेवलेल्या होत्या. दूरदूरच्या पाड्यांवरून आया लेकरांना कडेवर घेऊन चालत येणार होत्या. आम्हांला फार उशीर झाला, तर त्या परत फिरतील आणि लेकरे लशीवाचून राहतील, ही बाईंची चिंता होती.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच आहे. घाट सुरू झाला. ऊन रणरणत होते. जीप पहिल्या गिअरमध्ये हळूहळू वळणे चढत होती. एवढ्यात यंत्राने दोन-तीन आचके दिले आणि ते बंद पडले. चालकभाऊंनी हातब्रेक ओढला आणि खाली उतरून मागच्या चाकांना मोठे दगड लावले.

"रुसली वाटते!" माझे सोबती म्हणाले. "भाऊ, धक्का मारू या का?"

"नको गुरुजी," चालकभाऊ शांतपणे म्हणाले. "यंत्र काही रुसत नाही. त्याला हवे ते मिळेनासे झाले, म्हणजे ते थांबते. काय मिळत नाही, ते आधी पाहू."

पेट्रोलच्या यंत्राला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि ते पेटविणारी ठिणगी. चालकभाऊंनी एका प्लगची तार सुटी करून तिचे टोक यंत्राच्या लोखंडाजवळ धरले आणि मला यंत्र फिरवावयास सांगितले. निळसर ठिणगी टचकन उडाली. ठिणगी होती. हवेची गाळणी उघडून पाहिली. तीही मोकळी होती. मग त्यांनी पेट्रोलची नळी सैल केली. "ठिणगीची परीक्षा नेहमी आधी करावी, गुरुजी. उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी म्हणजे आग," ते म्हणाले. यंत्र पुन्हा फिरविले, तेव्हा नळीतून पेट्रोलची धार आली नाही; नुसते बुडबुडे आले. टाकीत तर पेट्रोल भरपूर होते!

चालकभाऊंच्या चेहऱ्यावर हसू उमटले. चढावर यंत्र जोराने फिरत होते, पण गाडी संथ असल्याने वारा लागत नव्हता. त्यामुळे पेट्रोलचा पंप आणि नळी इतकी तापली होती, की आतल्या पेट्रोलची वाफ झाली होती. द्रव पुढे ढकलणारा पंप वाफेपुढे हतबल ठरला होता.

"मग पेटीतली बर्फाची एक डबी द्या ना, बाई!" माझे सोबती उतावीळपणे म्हणाले.

बाईंनी पेटी छातीशी धरली. "हा बर्फ लेकरांचा आहे. तो मी देणार नाही."

"बर्फ लागणारही नाही," चालकभाऊ म्हणाले. जीपला जाड कापडाची छागल टांगलेली होती. तिच्यातील पाण्याने त्यांनी एक फडके भिजविले आणि पंपावर व नळीवर गुंडाळले. तापलेल्या यंत्रावर एकदम पाणी ओतू दिले नाही, कारण त्याने लोखंडाला तडा जाऊ शकतो. आणि रेडिएटरचे झाकण तर कोणाला उघडू दिले नाही, कारण आतली वाफ क्षणात हात भाजते. फडके वाळले, की ते पुन्हा भिजवीत. अर्ध्या तासाने नळी पुन्हा पाहिली. पेट्रोलची धार आली! नळी घट्ट करून, सांडलेले पेट्रोल पुसून त्यांनी यंत्र सुरू केले.

आम्ही पोहोचलो, तेव्हा आया झाडाखाली बसून होत्या. दोन-दोन थेंब जिभेवर पडताच लेकरे तोंड वेडीवाकडी करीत होती, आणि बाई हसत होत्या.

त्या दिवसाचा विचार करताना मला एका गोष्टीचे नवल वाटते. पेट्रोलची वाफ झाली, म्हणून जीप अडली. आणि ओल्या फडक्यातील पाण्याची वाफ होताना तिने उष्णता शोषून घेतली, म्हणून जीप सुटली. छागलीतले पाणी उन्हातही गार राहते, ते याच नियमाने. नियम एकच, तो चालकभाऊंना कळला होता, म्हणून चिंधी आणि तांब्याभर पाणी एवढ्यावर काम भागले.

आजच्या मोटारींत बहुधा पंप टाकीतच असतो व तो दाबाने पेट्रोल पुढे पाठवितो. त्यामुळे हा दोष क्वचितच आढळतो. पोलिओही हटला. नैसर्गिक पोलिओ-विषाणूचा भारतातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश पोलिओमुक्त ठरविला. त्या यशामागे लस होती, वैद्य होते, परिचारिका होत्या. आणि अवघड वाटांवर त्यांची वाहने चालती ठेवणारे असे कित्येक चालकभाऊही होते. काही अडले, म्हणजे "रुसले" म्हणून हात टेकू नयेत, नेमके काय मिळत नाही ते क्रमाने शोधावे, हे मी कोणत्याही ग्रंथात नव्हे, तर त्या घाटात शिकलो.