आधी पत्रा

बाबांची फियाट 1968 ची, 1100 डिलाइट. एका डॉक्टरांकडून जुनीच घेतलेली, कारण नव्या गाडीसाठी तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी 1089 सीसीची. गिअर स्टिअरिंगला, पुढची सीट सलग. त्या सीटवर आई-बाबांच्या मध्ये बसून मी खंडाळ्याचा घाट पाहिला. पुढे त्याच गाडीवर चालवायला शिकले, तिच्यातूनच सासरी गेले. मग घरात मारुती आली आणि फियाट ताडपत्रीखाली गेली. बाबा अधूनमधून तिला थोडी पुढे-मागे ढकलून ठेवत. ते गेल्यावर तेही थांबलं.

गाडी पुन्हा उभी करायचं ठरवलं तेव्हा सगळे दोनच प्रश्न विचारत: सुरू कधी होणार आणि रंग कोणता देणार? माझ्या मते दोन्ही प्रश्न नंतरचे. आधी पत्रा. या फियाटला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. खालचा फ्लोअर, दारांखालचे सिल आणि छप्पर मिळूनच तिचा सांगाडा होतो. तिथे गंज धरला की गाडीची ताकदच जाते. म्हणून पहिल्या दिवशी मॅटिंग उचललं आणि पेचकस टोचत गेले. जिथे तो आरपार गेला तिथे खडूची खूण केली. अशा जागी पुट्टी भरून वरून रंग मारणारे खूप भेटतात. गाडी चमकते आणि आतून सडत राहते.

आमच्या डेंटरनं कुजलेला भाग कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड केला. सिल कापण्याआधी त्यानं दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे बार लावले. आधार नसताना सिल कापला तर बॉडी खाली वाकते आणि मग दार कधीच नीट लागत नाही. कामभर तो दारांच्या फटी मोजत राहिला. या माणसाच्या हाताला मी आयुष्यभर मान देईन.

इंजिनाला थेट बॅटरी जोडून सेल्फ मारू दिला नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं, मुरू दिलं, मग हातानं फिरवलं. पेट्रोलची टाकी धुतली. रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बदलला, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक. त्यांचे सिलिंडर दुरुस्त होईपर्यंत गाडी शेडबाहेर काढली नाही.

सुटे भाग नाना पेठेत, जुन्या बाजारात आणि मुंबईला ऑपेरा हाउसजवळ मिळाले. पुढची पद्मिनी याच गाडीची लेक, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे तिचे भाग इतकी वर्षं खपत राहिले. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला नोंदली गेली. टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मुदत 2023 मध्ये संपली. ते गिऱ्हाईक आता उरलेलं नाही.

नव्या गाडीचं इंजिन बसवा, असं काहींनी सुचवलं. मी ठाम नाही म्हटलं. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या खासगी गाडीला विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो, पण बॉडी किंवा इंजिन बदललेलं चालत नाही. नियम नसता तरी माझं उत्तर तेच असतं. बाबांच्या कानाला ओळखीचा आवाज त्याच 1089 सीसीचा होता. बाहेरचा रंगही डॅशबोर्डमागे उन्हानं न विटलेला मूळ रंग सापडला, त्याच्याशी जुळवून घेतला. स्टिअरिंगवरची झीज तशीच ठेवली.

तुमच्या अंगणात अशी एखादी गाडी झाकून ठेवली असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिचं मॅटिंग उचला आणि सिल तपासा. ते शाबूत असतील तर गाडी वाचते. आणि हे काम जाणणारे मिस्त्री आता सत्तरीला आले आहेत, तेव्हा पुढच्या वर्षावर टाकू नका.