नारळ, कोवी आणि लाल ठिपका

मराठीत चाळिशी या शब्दाचे दोन अर्थ आहेत. माझ्याकडे ते दोन्ही एकदमच आले. वर्गात हजेरीपटावरची नावं धूसर दिसायला लागली म्हणून चष्मा केला, त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते परसात. कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पात .२२ रायफलने पंचवीस यार्डांवरून मारलेल्या माझ्या पाचही गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जात होत्या. तीच मी, अप्पांची जुनी एअरगन सहज उचलली, तर नळीच्या टोकाची माशी दिसेना. काळपट, केसाळ काहीतरी दिसत होतं, बस्स.

आणि मग लक्षात आलं, की अप्पांनी गेल्या दोन वर्षांत ती बंदूक हातात का घेतली नव्हती.

अप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आता वय सत्त्याहत्तर. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी परसातल्या वाळूच्या पोत्यापुढे कागद लावायचा, दहा मीटरवरून वीस छर्रे मारायचे आणि मग चहा, हा त्यांचा नेम. (नेम म्हणजे नियम आणि नेम म्हणजे नेमबाजी, आमच्या घरात दोन्ही तेच.) विचारलं की म्हणायचे, "स्प्रिंग गेलीय तिची." स्प्रिंग ठणठणीत होती.

माझ्या मुलाने मोबाइलवर उपाय दाखवला. रेड डॉट साइट. बंदुकीवर बसवायची काडेपेटीएवढी डबी, तिच्या काचेत लाल ठिपका दिसतो. ठिपका निशाणावर ठेवायचा आणि चाप ओढायचा. चांगल्या नामांकित कंपनीची घेतली तर किंमत तीस-चाळीस हजारांच्या वर, आणि ही १८०० रुपयांत घरपोच. अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "दिवाळीची माळ आहे ती. बंदुकीला कशाला?" मी त्यांच्या नकळत मागवली. पण लावून देण्याआधी कुणा जाणकाराला दाखवावी असं वाटलं. तेवढ्यात धारवाडच्या होस्टेलातल्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला, "कैलपोळ्दाला ये. किती वर्षं नुसतं येते, येते म्हणतेस!" बंदुकांविषयी विचारायला कोडगूपेक्षा बरं ठिकाण कुठलं असणार?

बेळगावहून म्हैसूरपर्यंत रेल्वे, पुढे बस. हुणसूर मागे पडलं की रस्ता आणेचौकूरपाशी नागरहोळेच्या जंगलात शिरतो, तितिमतीला बाहेर येतो आणि गोणिकोप्पलला पोचेपर्यंत दोन्ही बाजूंना कॉफीच कॉफी. सप्टेंबरात कॉफीची फळं हिरवी असतात. उंच झाडांवर मिरीचे वेल चढलेले. खाली दरीत नुकती लावणी झालेली भातं. पाऊस पडतोय की थांबलाय हे कळत नाही. छत्री मिटली की पडतो.

कैल मुहूर्त, म्हणजे कोडव भाषेतला कैलपोळ्द, दरवर्षी ३ सप्टेंबरला असतो. भाताची लावणी संपली, अवजारांना विश्रांती, आता हत्यारं बाहेर काढायची, असा हा सण. आपल्याकडे बेंदूर आणि खंडेनवमी एकाच दिवशी आली तर कसं होईल, तसं समजा. मैत्रिणीच्या सासरी दिव्यासमोर चार बंदुका पुसून मांडल्या होत्या. चंदनाचं गंध लावलेलं आणि प्रत्येक नळीत एक लाल-पिवळं फूल खोचलेलं. जवळ जाऊन पाहिलं तर आपली कळलावी! कोडव तिला तोक्पू म्हणतात. तोक म्हणजे बंदूक, पू म्हणजे फूल. ज्या फुलाला आपण घरात भांडणं लागतील म्हणून आणू देत नाही, ते इथे देवासमोर. पूजा झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकेकाच्या हाती बंदूक दिली, सुनांच्याही.

कोडव माणसाला आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना बंदुकीच्या परवान्यातून इंग्रजांच्या काळापासून सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली. तिला आव्हान दिलं गेलं, तेव्हा कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. पण या सुटीचा अर्थ मला कायद्याच्या भाषेपेक्षा मैत्रिणीच्या सासूबाईंच्या एका वाक्यात जास्त कळला. मुलगा झाला की एक बार, माणूस गेलं की दोन. "तुमच्याकडे फोन करतात. आमच्याकडे डोंगरापलीकडचे लोक आधी बार मोजतात," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या.

दुपारच्या जेवणाला कडंबुट्टू, म्हणजे तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे, आणि पंदी करी. मी डुकराचं खात नाही म्हटल्यावर सासूबाईंनी "कोळी करी" वाढायला सांगितली. कन्नड येत असूनही एक क्षणभर मला वेंगुर्ल्याचे कोळी आठवले. ती अर्थात कोंबडी होती.

जेवणानंतर मैत्रिणीचे दीर माझी डबी घेऊन ओसरीवर बसले. गृहस्थ कॉफीवाले, पण हाताने कायम काहीतरी खोलणारे. त्यांनी पहिल्यांदा डबी उलटी केली. "ही बसणारच नाही," म्हणाले. एअरगनवर आणि बऱ्याचशा .२२ रायफलींवर वरच्या बाजूला ११ मिलिमीटरची खोबण असते. माझ्या डबीचा पाय २० मिलिमीटरच्या रुंद पट्टीसाठी होता. मधला जोड वेगळा घ्यावा लागतो. तो त्यांच्या पेटीत निघाला, नाहीतर माझी तपासणी तिथेच संपली असती.

मग त्यांनी बटण दाबून ती माझ्या डोळ्यासमोर धरली. "काय दिसतं?" ठिपका दिसला, पण गोल नाही. एका बाजूला शेपूट फुटलेला, स्वल्पविरामासारखा. मी म्हटलं, स्वस्तातली वस्तू, दुसरं काय. ते हसले आणि मोबाइलचा कॅमेरा काचेमागे धरून फोटो काढला. फोटोत ठिपका अगदी गोल! "डबी बरी आहे, अक्का. निम्म्या कण्णु." दोष तुमच्या डोळ्यांचा. माझ्या चष्म्याच्या नंबरात ॲस्टिग्मॅटिझमचा आकडा आहे, हे मला माहीत होतं. तो असा समोर येऊन उभा राहील असं वाटलं नव्हतं. विकत घेण्याआधी दुकानात करता येण्यासारखी ही परीक्षा आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

या ठिपक्याची युक्ती जुनी आहे. १९०० साली डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब नावाच्या दुर्बिणी बनवणाऱ्याने ती शोधली. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये बॅटरीवर चालणारी आपली पहिली साइट बाजारात आणली. एक छोटा दिवा वक्र काचेवर पडतो आणि परत डोळ्याकडे येतो, तो असा की ठिपका काचेत नसून खूप दूर आहे असं डोळ्याला वाटतं. साध्या बंदुकीवर डोळ्याला मागची खाच, पुढची माशी आणि लांबचं निशाण अशा तीन अंतरांवर धावावं लागतं. विशीतला डोळा हे करतो आणि आपल्याला कळतही नाही. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, मग तिघांपैकी एकच धड दिसतं. ठिपका निशाणाबरोबर लांबच दिसतो, म्हणून धावपळ वाचते. माझ्या मुलाला याची गरज नाही, अप्पांना आहे, हा फरक मला त्या ओसरीवर पहिल्यांदा नीट कळला.

एअरगनवर डबी चढवली. (४.५ मिलिमीटरची, वीस ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअरगन २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्याशिवाय ठेवता येते, म्हणून ती मी हातात घेऊ शकले.) कागदावर पहिले दहा छर्रे छान एकत्र पडले. विसाव्यापर्यंतही बरं होतं. पस्तिसाव्याला ठिपका मिणमिणला. पन्नासाव्यापर्यंत छर्रे अडीच बोटं खाली उतरले होते आणि मी बंदुकीला, डोळ्यांना आणि १८०० रुपयांना क्रमाने दोष देत होते.

दिरांनी डबी काढली आणि स्वतःच्या .२२ वर बसवली. वीस गोळ्या त्यांनी स्वतः मारल्या. ठिपका हलला नाही. आता मला वाटत होतं की खरी गोळी म्हणजे मोठा धक्का आणि एअरगन म्हणजे जत्रेतलं खेळणं. उलटं आहे. .२२ चा धक्का अगदी हलका. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये मात्र आतला दट्ट्या सुटताना बंदूक आधी मागे येते आणि तो पुढे आपटला की पुढे झटकते. दुर्बिणी आणि ठिपके मागच्या धक्क्यासाठी बांधलेले असतात; या पुढच्या झटक्याने भल्याभल्यांच्या काचा सुटतात. माझी डबीही खोबणीतून केसकेस मागे सरकली होती. स्वस्त डबी घेताना .२२ वर चालते असं कुणी सांगितलं, तर ते खरं असतं. एअरगनवर चालेल असा त्याचा अर्थ होत नाही.

त्यांनी जोडाच्या मागे खोबणीत एक अडण घट्ट बसवली आणि स्क्रूंना गोंदाचा थेंब लावला. मिणमिणण्याचं कारण बॅटरीची सैल पट्टी होती. तिच्याखाली कागदाची घडी घातली. मुसंब्याच्या बीएवढी ती घडी! पुढचे चाळीस छर्रे सरळ गेले.

दुसऱ्या दिवशी गावच्या मैदानात नारळावर नेमबाजी. झाडाच्या फांदीला नारळ टांगलेले, लोक छत्र्या धरून कडेला. .२२, बारा बोअर आणि एअरगन असे वेगवेगळे गट, बायकांचाही. आणि नियम असा की बंदुकीवर कारखान्यातून आलेल्या माशीशिवाय काही लावायचं नाही. ठिपका नाही, दुर्बीण नाही. सासूबाई बारा बोअर घेऊन उभ्या राहिल्या. वय सत्तरीच्या आसपास, डोळ्याला चष्मा नाही. पहिल्याच बाराला नारळाचं पाणी खालच्या पोरांच्या अंगावर. "माशी दिसते तुम्हाला?" मी विचारलं. "माशी कशाला बघायची? मी नारळ बघते." छऱ्यांच्या बंदुकीची रीतच ती, नजर निशाणावर ठेवायची. अशा बंदुकीवर ठिपक्यासाठी पैसे घालणं म्हणजे बैलगाडीला आरसा.

मुलाचं मात्र मन मोडावं लागलं. त्याला ठिपका अप्पांपेक्षा स्वतःसाठीच हवा होता. कोल्हापूर आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. तिथल्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिचला जगज्जेत्या झाल्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेंनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं. दोघेही रायफलवाले, आणि त्या स्पर्धांत ठिपका चालतच नाही; बारीक छिद्राच्या साइटमधूनच पाहावं लागतं. शिवाय हिशेब करून बघा. माझ्या डबीवर ठिपक्याचं माप ४ एमओए लिहिलंय, म्हणजे दहा मीटरवर तो साधारण १२ मिलिमीटर जागा झाकतो. ऑलिंपिकच्या दहा मीटर एअर रायफलच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. शिकणाऱ्या पोराने आधी माशी आणि श्वास शिकावा. त्या १८०० रुपयांत छर्ऱ्यांचे कितीतरी डबे येतात. हे त्याला सांगितलं, तेव्हा तो "हं" म्हणाला. सध्या एवढं पुरे.

डबीवर "पॅरॅलॅक्स शून्य" असंही छापलंय. डोळा कुठूनही लावा, फरक पडत नाही, असा त्याचा दावा. लांबच्या निशाणाला तो बराचसा खरा ठरतो. दहा मीटरवर मी बंदूक उशीवर टेकवून नुसती मान हलवली, तर ठिपका कागदावरून चक्क फिरला. तेव्हा गाल दस्त्यावर दर वेळी एकाच जागी टेकवायला हवा. हे अप्पांना शिकवायची गरज नव्हती.

बेळगावला आल्यावर रविवारी सकाळी अडण, गोंद आणि कागदाची घडी यांसह डबी त्यांच्या एअरगनवर चढवली आणि बंदूक परसातल्या खुर्चीवर ठेवून चहा करायला आत गेले. खिडकीतून दिसत होतं. त्यांनी आधी इकडे-तिकडे पाहिलं. मग बंदूक उचलली, गाल टेकवला. बराच वेळ काहीच झालं नाही. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. बसवलेलं भिंग लांबचं दाखवतं, जवळचं नाही. म्हणूनच माशी हरवली होती.

"अप्पा, स्वल्पविराम दिसतो का?" मी आतूनच विचारलं.

"कसला स्वल्पविराम? गोल आहे की. कुंकवासारखा."

मग फट् असा आवाज आला. चहा गाळेपर्यंत आणखी चार.