पाटीतली मच्छी, कागदावरची मच्छी

मोजलं की बरकत जाते, असं आमच्या घरातली मोठी माणसं म्हणत. होडीतली मच्छी पाटीने उतरवायची, वाट्याने विकायची, आणि घरच्या कालवणासाठी बाजूला काढलेली तर मुळीच मोजायची नाही. आज किती मिळाली असं कोणी विचारलं की चाचांचं उत्तर ठरलेलं: ‘अल्लाचा करम, भागलं.’ कोकणातल्या दालदी मुसलमान घरांत वाढलेल्यांना हे उत्तर ओळखीचं असेल. (मच्छीमार म्हटलं की महाराष्ट्राला फक्त कोळी आठवतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणारे आम्हीही आहोत, हे अजून सांगावं लागतं.)

या ‘भागलं’मधून देशाचा आकडा निघतो कसा? 2019 साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 2.01 लाख टन मासे उतरले, आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी, पंचेचाळीस वर्षांतला नीचांक, अशी बातमी आली तेव्हा मोहल्ल्यातला पहिला प्रश्न हाच होता: आमची मच्छी कोणी, कधी मोजली?

मोजतात, पण सगळी नाही. हे काम कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं. संस्था 1947 सालची. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे भाग पाडतात आणि बंदरं व दिवस चिठ्ठी टाकल्यासारखे निवडतात. संस्थेचा माणूस पहिल्या दिवशी दुपारी बारा ते संध्याकाळी सहा बंदरावर उभा राहतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते दुपारी बारा. मधल्या रात्री काय उतरलं ते सकाळी विचारून लिहितो. पंधरापर्यंत होड्या लागल्या तर सगळ्या बघायच्या, जास्त असतील तर ठरलेल्या प्रमाणात निवडायच्या. प्रत्येक होडीची मच्छी काही काट्यावर चढत नाही. एका पाटीत किती किलो मावते ते ठाऊक असतं, म्हणून पाट्या मोजायच्या आणि बांगडा किती, म्हाकूल किती, कोळंबी किती ते लिहायचं. त्यावरून त्या दिवसाचा, मग बंदराचा, मग महिन्याचा, मग राज्याचा अंदाज. शितावरून भाताची परीक्षा, पण हिशेबाने.

मला ही पद्धत प्रामाणिक वाटते. चाचाही अखेर पाटीच मोजत होते की!

फक्त हा आकडा काय सांगतो ते नीट ऐकायला हवं. बंदरात किती उतरलं, एवढंच तो सांगतो. 2019च्या ऐन हंगामात अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळं लागोपाठ आली. होड्या बंदरात अडकून पडल्या. जाळं पाण्यात गेलंच नाही तर मच्छी उतरणार कुठून? पण ‘नीचांक’ हा शब्द एकदा छापून आला की वादळ विसरलं जातं आणि उरतो तो एकमेकांवरचा राग. पर्ससीनवाल्यांमुळे समुद्र रिकामा झाला, असं लहान जाळीवाले म्हणतात. पर्ससीनवाले म्हणतात, 2016च्या आदेशाने आम्हाला सप्टेंबर ते डिसेंबर एवढंच बांधून घातलंय, मग घटलं ते आमच्यामुळे कसं? दोघं एकाच मोहल्ल्यातले, एकाच सफेत नमाजला उभे राहणारे, आणि दोघांच्या मोबाइलमध्ये बातमी तीच.

मला जास्त खटकतं ते पाटीत न येणारं.

सुट्टीच्या दिवशी खडपावर गरवायला बसणारी पोरं असतात, मुंबईहून महागडे रॉड घेऊन येणारे पाहुणे असतात. त्यांना काय मिळालं हे आमच्या बाजूला कोणी विचारल्याचं मी पाहिलं नाही. अमेरिकेत हौशी मासेमारांची देशपातळीवरची पाहणी 1979पासून चालते. धक्क्यावर उभं राहून परतणाऱ्यांना काय मिळालं ते विचारतात, शिवाय मासेमारीला किती वेळा गेलात हे घरी टपालाने विचारतात. पूर्वी टेलिफोनवर विचारत. टपाल सुरू झालं आणि आकडा बराच वाढला. पुढे 2023मध्ये तिथल्याच खात्याने सांगितलं की प्रश्नांच्या क्रमामुळे लोक जास्त फेऱ्या सांगत असावेत. एवढी उठाठेव कशासाठी? मेक्सिकोच्या आखातातल्या रेड स्नॅपरचा कोटा वर्षानुवर्षे व्यावसायिकांना 51 टक्के आणि हौशींना 49 टक्के असा वाटलेला आहे. तिथे हौशी माणसाच्या आकड्यामागेही वाटा असतो.

आणि आमच्याकडे पोटासाठी करणारीही सुटते. माझी चाची ओहोटीला कोयती घेऊन खाडीतल्या खडपावर कालवं काढते, मुळे वेचते. भांगाला पाणी फार उतरत नाही, तेव्हा घरी. उधाणाच्या दिवसांत मात्र पाठ मोडेपर्यंत. घरी कालवं फोडायची आणि दारोदार विकायची. तिच्याकडे होडी नाही, म्हणून ती बंदरावर येत नाही. बंदरावर येत नाही, म्हणून उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही.

मच्छीमार कुटुंबांची घरोघरची गणना वेगळी असते. 2005, 2010, 2016 अशी ती झाली. तिच्यात धर्म विचारतात, बायका काय काम करतात हेही विचारतात. म्हणजे रकाना आहे. गणनेची मुलगी आमच्या चाचीकडे आली, कागद उघडला आणि विचारलं, ‘तुम्ही काय करता?’

‘मी? घरीच असते,’ चाची म्हणाली. चाचांनी मान डोलावली. पडवीत कालवांची पाटी ओल्या फडक्याखाली झाकलेली होती. मुलीने लिहिलं आणि पुढच्या घरी गेली. तिचं तरी काय चुकलं? चाळीस वर्षं केलेल्या कामाला चाची स्वतःच काम म्हणत नव्हती.

पुढे खाडीच्या तोंडाशी बांधकाम आलं, भराव पडला आणि कालवांची खडपं गाळाखाली गेली. भरपाईची यादी नोंदणी झालेल्या होड्यांवरून तयार झाली. चाचांचं नाव त्यात होतं, उशिरा का होईना पैसे मिळाले. चाचीने कोणाकडे, कशाच्या आधाराने मागायचं होतं?

ती आता दोन गावं पलीकडच्या पुलाखाली जाते. तिथली कालवं लहान असतात, आणि ओहोटी पहाटे असली तर रिक्षा मिळत नाही.