नेरच्या वाटेवरचे नवे घर

यवतमाळहून अमरावतीला जाणाऱ्या रस्त्यावर नेर लागते. जुन्या माणसांच्या तोंडी ते अजूनही नेर परसोपंतच आहे. नगरपरिषदेचे नाव मात्र नेर-नबाबपूर. कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या या गावाला रेल्वे नाही. मुले नोकरीसाठी मुंबई-पुण्याला स्थिरावली, की येथील अनेक कुटुंबांची दृष्टी नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडे वळते आणि प्रश्न उभा राहतो : घर बडनेऱ्यात घ्यावे की अमरावतीत?

दोहोंत अंतर सुमारे दहा किलोमीटरचे. १९८३ पासून महानगरपालिका एकच. पाणीही दोन्हीकडे अप्पर वर्धा धरणाचे. तरीही दोन ठिकाणचे जगणे एकसारखे नाही.

बडनेरा मुंबई-नागपूर-हावडा या मुख्य लोहमार्गावरचे जंक्शन आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या तेथे थांबतात. मध्यरात्री उतरणाऱ्याला घर जवळ पडते. यवतमाळ मार्गावरील बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची विमानसेवाही सुरू झाली. अमरावतीची श्रीमंती निराळी. विद्यापीठ, मोठी रुग्णालये, राजकमल चौकाभोवतीची बाजारपेठ, अंबादेवीचा परिसर हे सारे शहरातच आहे. मुंबईला जाणारी अंबा एक्सप्रेसही अमरावतीहूनच सुटते.

नेरच्या एका घरी हाच विचार कित्येक महिने चालला होता. मुलाने गाड्यांच्या वेळा मांडल्या, भूखंडांचे भाव काढले. त्याचा कौल बडनेऱ्याकडे होता. आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पावसाळ्यात सकाळी मला एकटीला मंदिरात पायी जाता येईल ना?"

या प्रश्नाने हिशेबच बदलला. मुलगा वर्षातून दोन-तीनदा येणार. आईवडील मात्र रोज तेथेच राहणार. सूर्यास्तापूर्वीचे जेवण, औषधाचे दुकान, हाक मारताच येणारा शेजार आणि मंदिराची वाट यांवरच त्यांचा दिवस उभा राहतो.

अखेर त्यांनी घाई टाळली. नेरचे घर न विकता अमरावतीत मंदिराजवळ एक चातुर्मास भाड्याने राहायचे ठरले. चार महिन्यांत गल्लीत पाणी किती साचते, नळ केव्हा येतो, रात्री रस्ता कसा असतो, हे आपोआप कळले. दिवाळीनंतर त्यांनी तेथेच दोन खोल्यांचे घर पाहिले. मंजूर नकाशा, अकृषक आदेश आणि कराच्या पावत्या तपासूनच व्यवहार केला.

बडनेऱ्यातले अंगण त्यांच्या वाट्याला आले नाही. मुलगा आता बडनेऱ्याला उतरतो आणि रिक्षाने घरी येतो. तेवढा प्रवास त्याने आनंदाने पत्करला आहे. आई मंदिरातून परतून दार उघडते.