मंडपेश्वरची वाट

बायबलातील कथांचा माग घ्यावयास जेरुसलेमलाच जावे लागते असे नाही. मुंबईच्या उपनगरांतही त्या चार शतकांहून अधिक काळ नांदत आहेत. त्यांच्या शोधात एका सकाळी मी बोरिवलीची मंडपेश्वर लेणी पाहावयास गेलो.

हे मूळचे शिवाचे लेणे. आत नटराजाचे शिल्प आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज धर्मगुरूंनी या लेण्याचेच चर्च केले. एका भिंतीवर जुन्या शिल्पाच्या जागी कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली आणि या भागातील पोर्तुगीज सत्ता संपली. पुढे लेण्यात पुन्हा शिवपूजा होऊ लागली. तो तासलेला दगड पाहून मन विषण्ण झाले. एकाच्या भक्तीसाठी दुसऱ्याच्या देवावर घाव का पडावा?

दुपारी जवळच्या एका गावठाणात शिरलो. घरांपुढील क्रूसाला झेंडूची माळ घातलेली होती. तेथे लुगडे नेसलेल्या एक आजी भेटल्या. त्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजातल्या. बोलणे मात्र अस्सल मराठी. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणण्याची चाल त्यांनी मोठ्या हौसेने वर्णिली. ऐकता ऐकता मला बायबलातील काना गावचे लग्न आठवले. तेथेही पाण्याचे रांजण भरले होते, आणि येशूने त्या पाण्याचा द्राक्षारस केला होता.

छिन्नीने दगडावर व्रण ठेवला. पण बोली, लुगडे आणि विहिरीचे पाणी यांनी ती परदेशची कथा घरची करून घेतली.